मैतूची झोप

१२ जून, गुरुवार
शाळा उघडली. बाळंतपणाची रजा संपली. सकाळी मैतूला आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मांडीवर ठेवलं, दवाखान्यातले थेंब दुपारी द्यायला सांगितले आणि मागे न पाहता ऑटोत बसले. पाहिलं असतं तर उतरले असते.
तिसरीत नवीन पोरं. दिवसभर नावं विचारली, एकही लक्षात नाही.
घरी आले तर मैतू गाढ झोपलेली. आई म्हणाल्या, "लय गुणाची पोरगी. रडली बी नाई."
सहा महिन्यांचं लेकरू पहिल्यांदा आईपासून दिवसभर दूर, आणि रडलं नाही? उचलून छातीशी धरली तर तोंडाला कसलासा वास. लाकडासारखा, तिखटसर.
"आई, काही पाजलं का हिला?"
"काय पाजू? तूच त दूध काढून ठेवलं होतं."
घुटी उगाळायची सहाण मात्र ओट्यावर ओली होती.

१६ जून, सोमवार
दवाखान्यात शिकवलेले मैतूचे व्यायाम करून घेतले. पोटावर झोपवून समोर खुळखुळा. मान उचलते, लगेच टाकते. मागच्या महिन्यात जास्त वेळ धरायची. की मलाच तसं वाटतं?
मिलिंदना विचारलं, आई दिवसा व्यायाम करून घेतात का. म्हणाले, "सांगितलंय तिला." सांगितलंय आणि करतात यात फरक आहे. तहसील ऑफिसात बसणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको.
आईंनी अजून एकदाही 'डाऊन सिंड्रोम' हा शब्द तोंडातून काढला नाही. जन्मल्यावर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा त्या तिथंच होत्या. घरी येऊन एकच बोलल्या, "ती नर्स लेकराले पाप पाप काऊन म्हने?" मि.नी सांगितलं, तेलुगूत लहान पोरीला पापच म्हणतात. आई म्हणाल्या, "म्हनत असन." पण तो दवाखाना त्यांच्या मनातून तेव्हापासून उतरला तो उतरलाच.

२० जून, शुक्रवार
शेजारच्या पद्मक्का नळावर भेटल्या. सहज म्हणाल्या, "कल आपकी सास बच्ची को लेके ऑटो में कहाँ गई थी? इतनी धूप में."
मी म्हटलं, मालूम नहीं. आणि मग मलाच कसंतरी झालं. स्वतःच्या लेकराबद्दल 'मालूम नहीं'.
घरात येऊन विचारलं. आई भाजी निवडत होत्या. "कुठी जाईन? दुकानापर्यंत गेलती."
दुकान चार घरं सोडून आहे. तिथं ऑटोनं कोण जातं?
मि.ना सांगितलं. "पद्मक्काला दुसरा धंदा नाही."

२२ जून, रविवार
विहारात गेलो. वंदनेला आई नेहमी पुढे बसतात, पाठ आहे सगळं, आवाज खणखणीत. आज मागे, भिंतीपाशी. मैतूच्या तोंडावर पदर.
"गरम होईल तिला," मी म्हटलं.
"माश्या हायत."
माशी एक नव्हती. सुमनताईंनी पदर बाजूला करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोनावर गेली व?" आई म्हणाल्या, "झोपेत समजते का?" आणि पदर परत ओढला.
लाज वाटते त्यांना. इतके दिवस माझा अंदाज होता, आज डोळ्यांनी पाहिलं.

२७ जून, शुक्रवार
मैतू झोपूनच असते. दूध ओढता ओढता झोपते. जागी असली तरी नजर कुठंतरी. पोट साफ होत नाही. हातपाय गार, या दिवसांत. रडते तेव्हा आवाज घोगरा, म्हातारीसारखा.
आणि मी असते तेव्हा पण झोपते. म्हणजे जे काही देतात त्याचा असर संध्याकाळपर्यंत टिकतो.
लिहून टाकलं. 'जे काही देतात'. अजून कुणाजवळ बोलले नाही.

१ जुलै, मंगळवार
मधल्या सुट्टीत लिहितेय. वर्गात कुणी नाही.
लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट सारखी आठवते. आई आणि मी जात्यापाशी बसलो होतो, त्या तरुणपणीचं सांगत होत्या. कापूस वेचायला रोज दुसऱ्याच्या वावरात. लेकरू कडेला, बाभळीखाली, लुगड्याच्या झोळीत. "मिल्या लय रडे. मंग अफूची जराशी, मोहरीएवढी, बोटानं चाटवली की दिवसभर पत्ता नसे. सगळ्याच बाया देत. न दिली त मजुरी कोन देते?"
तेव्हा मला त्यांची दया आली होती. हसत हसत सांगत होत्या.
आता ती मोहरी डोळ्यासमोरून हलत नाही.

४ जुलै, शुक्रवार
आई न्हाणीत असताना त्यांची पेटी उघडली. लुगडी, बाबासाहेबांचा फोटो कापडात गुंडाळलेला, सासऱ्यांचा चष्मा. खाली एक पुरचुंडी. त्यात तपकिरी पूड. वास तोच, पहिल्या दिवशीचा.
थोडी कागदात बांधून घेतली. पेटी होती तशी लावली.
मि.ना दाखवली. त्यांनी पुडीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू आईची पेटी उघडली?"
"तुमची मुलगी दिवसभर झोपते ते दिसत नाही?"
"अशी मुलं शांत असतात. डॉक्टर म्हणाले होते."
"शांत आणि बेशुद्ध एकच का?"
उठून बाहेर गेले. चप्पल घालायची पण विसरले.

८ जुलै, मंगळवार
अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. न सांगता.
दाराला कुलूप.
पायरीवर बसले. पद्मक्का चहा घेऊन आल्या, काही विचारलं नाही, आणि त्यांनी काही विचारलं नाही हेच मला जास्त लागलं. ढग होते, पाऊस नव्हता. रस्त्यावर येणारा प्रत्येक ऑटो आधी ऐकायचा, मग पाहायचा.
शेवटी आई उतरल्या. मैतू खांद्यावर, झोपलेली, पाय लोंबत. मला पाहून थबकल्या.
"कुठं गेल्या होत्या?"
"आली न. घरातच आली."
"आई, मी कुठं गेल्या होत्या ते विचारते."
"मी तिले इकून नाई आली," असं म्हणून कुलूप उघडलं.
मी मैतूला हातातून घेतली. घेतली म्हणजे ओढलीच. ती तरीही जागी झाली नाही.
मग मी बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. अफू हा शब्द बोलले नाही. पूड बोलले. पेटी बोलले. लाज वाटते तर तसं सांगा, तोंडावर पदर कशाला, हे बोलले.
आई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "सांगून झालं असन त भाकरी टाकतो."
भाकरी कुणी खाल्ली नाही.

९ जुलै, बुधवार
मैतूला घेऊन तलमडुगूला, माझ्या माहेरी आले. हेडमास्तरांना फोन केला, ते 'हां, हां' म्हणाले. त्यांचं 'हां' दोन अर्थांचं असतं.
निघताना आई दारात आल्या नाहीत. मि.नी पिशवी बसमध्ये ठेवली. म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, "ती जागी होईपर्यंत."

१३ जुलै, रविवार
माझी माय तिला तेल लावते, गाणी म्हणते, पायावर घेऊन अंघोळ घालते. मी क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. दूध मीच पाजते, थेंब मीच देते. बाकी काही पोटात जात नाही याची मी खात्री करते.
आणि मैतू झोपते.
तशीच. गार हात, जड पापण्या. काल तर दूध ओठाच्या कडेनं वाहून गेलं, गिळलंच नाही.
असर उतरायला वेळ लागत असेल, असं स्वतःला समजावलं. मग आज सकाळी मायकडे पाहिलं. ती अंगणात काहीतरी वाटत होती. उठून जाऊन वाटीत डोकावले. मायनं माझ्याकडे पाहिलं.
"लसूण हाय. चटनीले." मग थांबून, "माह्यावर बी का व?"
माय परत वाटायला लागली, जरा जोरात.

१४ जुलै, सोमवार
तलमडुगूहून सरळ आदिलाबादला, सरकारी दवाखान्यात. मि. तिथं आले. पुडी पर्समध्ये.
लहान मुलांच्या डॉक्टरीण बाई, तेलुगू, आमच्याशी हिंदीत. मैतूला पाहिलं, पोट दाबलं, टाळू पाहिली, जीभ पाहिली. कातडीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "इतनी सूखी कब से?" मी पुडी काढली. सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका कोरडा होता की मलाच वाटलं मी साक्ष देतेय. मि. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे.
बाईंनी पुडी हुंगली, जिभेवर लावली. "जायफल. वेखंड भी. ये मत दीजिए बच्चे को. लेकिन इससे ऐसा नहीं होता."
रक्त काढलं. मैतू सुईला पण नीट रडली नाही. रिपोर्टला या म्हणाल्या. आम्ही घरी, जैनथला आलो. घरात आई नव्हत्या. पद्मक्का म्हणाल्या, सकाळीच पेटी घेऊन बसस्टँडकडे गेल्या. वांकिडीला, नणंदेकडे. मि.ना माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं.

१७ जुलै, गुरुवार
थायरॉईड.
गळ्यातली ग्रंथी कामच करत नाहीये म्हणे. या मुलांमध्ये होतं. त्यामुळेच झोप, गारठा, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज. गोळी रोज, सकाळी, उपाशीपोटी, दुधाच्या थेंबात चुरून. बहुतेक जन्मभर. बाई म्हणाल्या, "जन्म के बाद की रिपोर्ट ठीक थी, मगर छह महीने पे फिर करानी थी. किसी ने बताया नहीं?"
बताया था. जूनमध्ये करायची होती. जूनमध्ये मी सहाणेचा वास घेत होते.
येताना बसमध्ये मि. खिडकीकडे बसले. मैतू त्यांच्या मांडीवर. मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील. म्हणाले नाहीत. त्यापेक्षा म्हटलं असतं तर बरं.

२१ जुलै, सोमवार
गोळी सुरू आहे. फरक नाही. बाई म्हणाल्या वेळ लागेल.
पाळीपाळीनं रजा. आज मि. घरी. शाळेत मुलांनी विचारलं, मॅडम बाळ बरं आहे का. एकीनं विचारलं, "मॅडम, आजी कुठं गेली?" म्हणजे गावभर झालं.
एक गोष्ट मात्र मिटली नाही. जायफळ उगाळणारी बाई ऑटोनं कुठं जात होती? दुखणं थायरॉईडचं, मान्य. पण ते ऑटो खोटे नव्हते. देवऋषी? आमच्या घरात? आई बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हणणारी बाई. पण नातीसाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. की कुठं ठेवता येईल का हे पाहायला? अशा मुलांना ठेवतात ती ठिकाणं असतात. मि.नी एकदा, फार आधी, असं काहीतरी म्हटलं होतं आणि लगेच 'नाही तसं नाही' म्हटलं होतं. दोघांचं ठरलं असेल तर?
त्यांना विचारलं, "आई कुठं जात होत्या ते तुम्हाला माहीत आहे."
"नाही."
"खरं?"
"प्रज्ञा, आता माझी पण पेटी उघड." एवढंच.

२६ जुलै, शनिवार
स्टँडवरच्या ऑटोवाल्यांना विचारलं. सरळच, फिरवून नाही. एकजण म्हणाला, हो, म्हातारी बाई आणि झोपलेलं लेकरू, मीच नेलं. नदीकडच्या गावाला. "शेवंताबाईच्या घरी उतरत. मी थांबो मंग, परत आनो."
कोण शेवंताबाई? एक पोरगी असलेली बाई आहे, म्हणाला. पोरगी 'तशी' आहे.
कशी, ते मी विचारलं नाही.

२७ जुलै, रविवार
गेले. मैतूला घेऊन, एकटी. मि.ना सांगून, पण बोलावलं नाही.
रस्त्याच्या दोन्ही बाजूला सोयाबीन, पुढे कपाशी, त्याच्यापुढे नदीचा गढूळ पट्टा. शेवंताबाईचं घर गावाच्या टोकाला. बाई साठीच्या पुढची, काटक. मी नाव सांगताच म्हणाली, "मिलिंदाची बायको? ये. सरूबाईनं पाठोलं का?"
सरूबाई म्हणजे आमच्या आई. दोघी एका वावरात कापूस वेचायच्या, लग्नाआधीपासून.
आत चुलीजवळ चंदा बसली होती. तिशीची असेल. मैतूसारखेच डोळे. तसंच बसकं नाक, तशीच आखूड बोटं. कपाळावर टिकली वाकडी लावलेली, स्वतःच्या हातानं लावल्यासारखी. भाकरी थापत होती. कडा फाटलेली, पण गोल. मी इतके महिने फोनवर अशा मोठ्या मुलांचे फोटो पाहते. प्रत्यक्ष एकही माणूस पाहिला नव्हता.
चंदानं हात धुतले, पुसले आणि मैतूकडे बोट केलं. "मैतू." मग माझ्याकडे. "हे कोन?"
"तिची माय," शेवंताबाई म्हणाली.
चंदाला पटलं नसावं. माझ्याकडे बराच वेळ पाहत होती.
मी विचारलं, आई इथं येऊन काय करायच्या?
"काय करन? बसे. चंदीले पाहे. कपडे कशी घालते, पाळी आली की कसं करते, रागात आली त काय करते, सगळं इचारे. एक दिवस म्हने, मी मेल्यावर हिचं काय? मी म्हनलं, बाई, मलेच माह्या मांगं चंदीचं काय ते माइत नाई, तुले काय सांगू?"
मग जरा आवाज खाली करून, "झोपेचं बी इचारे. लय घोर होता तिले. म्हने पोरगी झोपते लय, चंदी झोपे का? मी म्हनलं, झोपे. तवा तिले वाटे..." आणि थांबली.
"काय वाटायचं?"
"जाऊ दे."
"मावशी, सांगा."
"तिले वाटे का तू काही देते. ते थेंब देते न तू, दवाखान्यातले. शाळेत जा लागते म्हनून झोपेचं देत असन म्हने. तुले इचारायची हिंमत नाई झाली तिची. शिकेल सून हाय म्हने, मले काय समजते."
चंदा मैतूच्या तळपायावर फुंकर घालत होती. मैतूनं पाय ओढून घेतला. मी पाहत होते पण मला दिसत नव्हतं.
निघताना दाराला बाहेरून कडी दिसली. घर सगळं जुनं, कडी नवी, जाड.
"वावरात जातो तवा लावा लागते. एकडाव नदीपर्यंत गेलती," शेवंताबाई म्हणाली. माझ्याकडे न पाहता.
आईंनी ती कडी पाहिली असणारच. कितीदा तरी.

२८ जुलै, सोमवार
घरी येऊन थेंबांची बाटली पाहिली. साधी जीवनसत्त्वं. संपायला आली पाहिजे होती. अर्ध्याच्या वर भरलेली.
दुपारचे थेंब आईंकडे होते. म्हणजे देतच नव्हत्या. मी म्हणत होते त्या काही देतात, त्या म्हणत होत्या मी काही देते. आणि मैतू मधे झोपलेली.
मि.ना सगळं सांगितलं. ऐकलं. कडीबद्दल पण. म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिनं?" मला वाईट वाटलं त्यांचं. दोन बायकांनी एकमेकींवर नजर ठेवली, त्यांच्यावर कुणीच ठेवली नाही.

३ ऑगस्ट, रविवार
मैतू रडली.
म्हणजे खरं रडली. भूक लागली म्हणून, तोंड लाल करून, पाय झाडत. पद्मक्का धावत आल्या, "क्या हुआ पाप को?" मी म्हटलं, काही नाही अक्का, रडू द्या. आणि उभीच राहिले ऐकत. दूध द्यायला उशीर केला. मि. म्हणाले, "अगं दे ना." त्यांचे डोळे भरले होते.
वांकिडीला फोन लावला. नणंदेनं उचलला. मैतूचं रडणं फोनमध्ये ऐकवलं. नणंद म्हणाली, "आई ऐकून राह्यली." मग फोन कट झाला. ठेवला की कटला, कळलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार
मि. आईंना आणायला गेले होते. एकटे परत आले.
"काय म्हणाल्या?"
"म्हने, कपाशीत निंदण चालू हाय, पोरीले हातभार लागते." नणंदेकडे वावर आहे, पण आईंच्या गुडघ्यानं निंदणं होत नाही हे आम्हा तिघांनाही माहीत.
"अजून काय?"
"तुझ्याबद्दल काही नाही." म्हणजे बोलल्या असतील.
मैतू खुळखुळा हातात धरते. दोन बोटांत, घट्ट. मान आता पडत नाही. आवाज पण मोकळा झाला, घोगरेपणा गेला. कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि ज्यांना सांगावंसं वाटतं त्या वांकिडीला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंड्याला मैतूला शाळेत नेलं. तोंडावर काही नाही, उघडी. बाया पाहत होत्या. एक पालक म्हणाला, "मॅडम, असे लेकरं देवाचे असतात." मी म्हटलं, माझी आहे. तो हसला. मी नाही.
विहारातला पदर आठवला. लाज होती ती, असं मी लिहिलंय वर कुठंतरी. आता वाटतं, लोकांच्या डोळ्यांपासून वाचवत होत्या का? की लाजच होती? दोन्ही असू शकतं. त्यांना न विचारता मी कितीदा ठरवणार.

२४ ऑगस्ट, रविवार
आई आल्या.
नणंदेचा मुलगा बसमध्ये बसवून गेला. पोळ्याला घरी असावं म्हणून आले, म्हणाल्या. पोळा तर होऊन गेला होता. पेटी नाही, हातात पिशवी फक्त. म्हणजे राहायला की भेटायला, विचारलं नाही.
मैतू सतरंजीवर पालथी होती. आईंना पाहिलं, थांबली, ओळखायला वेळ घेतला. मग सगळ्या अंगानं हसली. आई खाली बसल्या, गुडघा धरून. उचलली नाही. हात मांडीवर ठेवून बसल्या, परवानगीची वाट पाहिल्यासारख्या.
"घ्या ना," मी म्हटलं.
घेतली. वजन जाणवलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. "भरली," एवढंच.
मि. दूध आणायला गेले, मुद्दामच. आम्ही दोघी आणि मैतू. मी शेवंताबाईचं सांगितलं. चंदाला भेटल्याचं. आई मान हलवत होत्या. थेंबांचं कुणीच काढलं नाही. गोळी कशी द्यायची ते मी दाखवलं, चमच्यात चुरून. लक्ष देऊन पाहिलं. "कसाची हाय?" म्हणाल्या. मी सांगितलं, गळ्यातल्या ग्रंथीची. "झोपेची नाई न?" "नाही, आई. जागं ठेवायची."
मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस जे तोंडावर आणलं नव्हतं ते विचारलं.
"आई, रागावू नका. जायफळाशिवाय दुसरं काही दिलं होतं का कधी? एकदा पण? मिलिंदला देत होत्या तसं?"
मैतू त्यांच्या गळ्यातली पोत ओढत होती. आईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.
"हो म्हनलं त तुले लगेच पटन," आई म्हणाल्या. "नाई म्हनलं त पटन का?"
मी खरं उत्तर शोधत होते. त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "राहू दे. चहा कर."
चहा केला. साखर जास्त पडली.
उद्या सोमवार. मि.ची रजा संपली, माझी पण. संध्याकाळी हेडमास्तरांचा फोन आला, मॅडम उद्या येता ना. आई समोरच बसल्या होत्या, मैतूला पायावर घेऊन. माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी म्हटलं, सर, थोड्या वेळात कळवते.
अजून कळवलं नाही.